समुद्राचा तळ वाकतो, दुमडतो, तुटतो: कराड-सांगलीकडून सारखे येणारे प्रश्न

कोयना-वारणेकडं जरा धक्का बसला की आमच्या कराड, पाटण, शिराळा, सांगली भागातल्या ग्रुपवर दोन दिवस भूगर्भशास्त्र सोडून दुसरा विषय नसतो. त्यात कोणतरी 'इंडियन प्लेट फाटतीय' असला व्हिडिओ टाकतो आणि मग मला मेसेज सुरू होतात, कारण ओळखीत जिऑलॉजी शिकलेला आणि पोरांना शिकवणारा माणूस मीच. तेच तेच टाईप करून बोटं दुखायला लागली म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. आपल्याकडच्या धक्क्यांपेक्षा समुद्राच्या तळाबद्दलच जास्त लिहिलंय. प्लेटांच्या सीमा काळानुसार बदलतात आणि त्या बदलल्या की तळाचं कवच कसं मोडतं हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या शंका आपोआप मिटतात.

समुद्राखालचं कवच आपल्या जमिनीखालच्या कवचापेक्षा वेगळं म्हणजे नक्की काय वेगळं?

पातळ असतं, जड असतं आणि वयानं लहान असतं. खंडाखाली कवच ३५-४० किलोमीटर जाड, समुद्राखाली फक्त ६-७ किलोमीटर. वरून खाली गेलं तर आधी गाळ, मग पाण्यात बाहेर पडून गोल गोल गोळ्यांच्या रूपात थिजलेला बेसॉल्ट ज्याला पिलो लाव्हा म्हणतात, त्याच्याखाली एकमेकाला चिकटून उभ्या असलेल्या डाइक, म्हणजे भेगांत थिजलेल्या लाव्हाच्या भिंती, त्याखाली गॅब्रो हा खोलवर सावकाश थिजलेला खडक आणि मग मॅन्टलचा, म्हणजे कवचाखालच्या जाड थराचा, पेरिडोटाइट खडक. वयाचं म्हणाल तर आत्ताच्या महासागरांत जुन्यातलं जुनं मोठं कवच पश्चिम पॅसिफिकमधे, तेही साधारण १८ कोटी वर्षांचं. आपल्या शेजारी कर्नाटकात ३०० कोटी वर्षांच्या वरचे खडक आहेत, त्यापुढं हे कालचं पोरगं.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो म्हणजे पुढं गोंधळ नको. प्लेट म्हणजे नुसतं कवच नव्हे. कवचाखालचा मॅन्टलचा थंड आणि कडक थर कवचाबरोबरच सरकतो, दोन्ही मिळून प्लेट होते. समुद्रातली प्लेट जन्मताना पातळ आणि गरम असते, मग वय वाढेल तशी थंड, जाड आणि जड होत जाते. म्हणून समुद्राचा तळही खाली खाली जातो, जिथं तयार होतो तिथं पाण्याची खोली अडीच किलोमीटरच्या आसपास आणि जुन्या तळावर साडेपाच-सहा किलोमीटर.

सर, सह्याद्रीचा काळा दगड पण बेसॉल्टच ना? मग साताऱ्याखाली समुद्राचं कवच आहे का?

नाही. हा प्रश्न कासला फुलं बघायला गेलेला प्रत्येक दुसरा माणूस विचारतो. दगड त्याच जातीचा, पण जागा वेगळी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा खंडाच्या अंगावर थरावर थर पसरला, खाली जुना ग्रॅनाइट जसाच्या तसा राहिला. हे नुसतं पुस्तकातलं नाही. कोयना भागात गोठणे गावाजवळ केंद्र सरकारच्या कराडच्या भूभौतिक प्रयोगशाळेनं संशोधनासाठी सुमारे ३ किलोमीटर खोल बोअर मारलं, त्यात साधारण सव्वा किलोमीटर बेसॉल्ट संपल्यावर ग्रॅनाइटी खडक लागला. आपण लाव्हानं झाकलेल्या खंडावर राहतो. समुद्राच्या तळाला असला ग्रॅनाइटचा पाया नसतोच.

मग आपल्या जवळात जवळ समुद्राचं कवच तयार कुठं होतंय?

अरबी समुद्राच्या पलीकडच्या अंगाला, कार्ल्सबर्ग रिजवर. रिज म्हणजे समुद्राखालची डोंगररांग, जिथं तळ उघडतो आणि नवीन कवच तयार होतं. हो, बिअरवालंच नाव. १९२८ ते १९३० च्या डॅनिश 'डाना' मोहिमेला कार्ल्सबर्ग फाउंडेशनचा पैसा होता म्हणून ते नाव पडलं, पोरं हे ऐकून हसतात आणि त्यामुळंच लक्षात ठेवतात. तिथं दोन्ही बाजूचा तळ वर्षाला साधारण २ ते ३ सेंटिमीटरनं लांब सरकतो आणि मधे नवीन बेसॉल्ट भरत राहतो. दख्खनचा लाव्हा येऊन गेल्यानंतर, सुमारे ६.३ कोटी वर्षांपूर्वी सेशेल्सचा तुकडा आपल्यापासून सुटला तो याच भानगडीत. म्हणजे रत्नागिरीच्या पश्चिमेला समुद्रात लांब गेलं की लागणारा तळ हा सह्याद्रीच्या दगडापेक्षा वयानं लहान आहे.

शाळेत शिकलोय, प्लेटा लांब जातात, एकमेकीवर येतात नाहीतर घासून जातात. एवढंच ना?

एवढंच, पण शाळेत एक गोष्ट राहून जाते की ही व्यवस्था कायमची नसते. आज जिथं दोन प्लेटा लांब जातायत तिथं उद्या, म्हणजे काही लाख किंवा कोटी वर्षांनी, घासायला लागतील आणि नंतर कदाचित एक दुसरीखाली जाईल. कधी रिज बंद पडतो आणि दोन प्लेटा जोडल्या जाऊन एक होते, कधी एकीच्या दोन होतात, कधी रिज एका जागी थांबून शेजारीच नव्यानं उघडतो. आणि दुसरी गोष्ट, नकाशात सीमा ही बॉलपेनची बारीक रेष असते, समुद्रात ती कधीकधी हजार-हजार किलोमीटर रुंद पट्टा असते. १९६७-६८ साली मॅकेन्झी, पार्कर, मॉर्गन, ल पिशॉ या मंडळींनी प्लेट टेक्टॉनिक्सचं गणित मांडलं तेव्हा प्लेट आतून कडक आणि मोडतोड फक्त कडेला असं धरलं होतं. बहुतेक ठिकाणी ते आजही चालतं. जिथं चालत नाही त्यातली सगळ्यात मोठी जागा आपल्याच हिंदी महासागरात आहे, पुढं येईलच.

सीमा बदलली होती हे कोटी वर्षांनी कळतं कसं? तिथं कोण होतं बघायला?

तळानंच लिहून ठेवलंय. रिजवर बेसॉल्ट थिजताना त्यावेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा खडकात अडकते, पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र मधे मधे उलटं होतं, त्यामुळं रिजच्या दोन्ही बाजूला सुलट-उलट पट्टे तयार होतात. १९६३ साली व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी हे मांडलं. पट्टा ओळखला की तळाचं वय कळतं, पट्ट्यांच्या रुंदीवरून वेग कळतो.

दिशा कळते ती फ्रॅक्चर झोनवरून. रिज सरळ नसतो, तुकड्या-तुकड्यांत असतो आणि दोन तुकड्यांमधे घासणाऱ्या फॉल्ट (जिच्यावर खडक सरकतो अशी भेग) असतात, ज्यांना टझो विल्सननं १९६५ मधे ट्रान्सफॉर्म फॉल्ट म्हटलं. प्लेट पुढं सरकली तरी या फॉल्टचा व्रण मागं तळावर राहतो, हजारो किलोमीटर लांब, तोच फ्रॅक्चर झोन. प्लेटांची दिशा बदलली की हे व्रण वळतात. म्हणजे समुद्राच्या तळावर सरळ येणारा व्रण एकदम बाक घेतो तिथं समजायचं की त्या वयाला काहीतरी मोठं घडलं.

आता पाच किलोमीटर पाण्याखालचे व्रण दिसतात कसे? उपग्रहातून. खाली डोंगर असेल तर त्याच्या गुरुत्वाकर्षणानं पाणी तिकडं ओढलं जातं आणि समुद्राचा पृष्ठभाग थोडा फुगतो, ते फुगणं उपग्रह मोजतो. अमेरिकी नौदलाच्या जिओसॅट उपग्रहाचा डेटा १९९५ मधे खुला झाला आणि १९९७ मधे सँडवेल आणि स्मिथ यांनी जगभरच्या समुद्रतळाचा नकाशा काढला. मला विचाराल तर मोबाईलवर सॅटेलाईट मॅप उघडून हिंदी महासागराचा तळ झूम करून बघणं हा अजूनही सगळ्यात भारी अभ्यास आहे, फुकटात होतो आणि अर्धा तास कुठं जातो कळत नाही.

बरं, सीमा बदलली. मग आधीच थिजून कडक झालेल्या तळाचं काय होतं?

हा खरा मुद्दा. तळ जन्मतानाच भेगा घेऊन जन्मतो. रिजजवळ तो ताणला जातो त्यामुळं रिजला समांतर अशा शेकडो फॉल्ट पडतात आणि त्यांना आडव्या जाणाऱ्या फ्रॅक्चर झोनच्या भेगा असतातच. नंतर तळ लांब जातो, थंड होतो, वर गाळ बसतो आणि सगळं शांत दिसतं. मग कधीतरी शेजारची सीमा बदलते, दाब नव्या दिशेनं यायला लागतो, आणि तळाला मोडायची वेळ आली की तो नवी भेग पाडायच्या भानगडीत शक्यतो पडत नाही, जुनीच वापरतो. आजोबांच्या काळचा सातबारा जसा घडीवरच फाटतो, तसंच. फक्त हालचाल बदललेली असते, जी फॉल्ट ताणानं पडली होती तिच्यावरच आता दाबानं उलटं सरकायला लागतं, जो फ्रॅक्चर झोन मेला म्हणून सोडून दिला होता तो परत घासायला लागतो.

सगळ्यात सुंदर उदाहरण न्यूझीलंडच्या दक्षिणेला मॅक्वॉरी रिजचं. सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी तिथं ऑस्ट्रेलियन आणि पॅसिफिक प्लेट एकमेकींपासून लांब जात होत्या, नवीन तळ तयार होत होता. मग प्लेटांची दिशा हळूहळू फिरत गेली, उघडणं तिरकं झालं, रिजचे तुकडे आखूड होत गेले आणि मधल्या घासणाऱ्या फॉल्ट लांब झाल्या, फ्रॅक्चर झोन बाकदार वळले, आणि शेवटी उघडणं बंद पडून नुसतं घासणं उरलं. आता तर घासताना थोडा दाबही येतोय. त्या दाबानं समुद्राचा तळ इतका वर आला की मॅक्वॉरी बेटावर माणूस चक्क समुद्राच्या कवचावर चालतो, पिलो लाव्हापासून मॅन्टलच्या खडकापर्यंत सगळं उघड्यावर. १९९७ पासून ते जागतिक वारसा आहे, पेंग्विन पण भरपूर आहेत तिथं.

याच भागात २३ डिसेंबर २००४ ला ८.१ चा भूकंप झाला. तीन दिवसांनी सुमात्राची त्सुनामी आली आणि तो सगळे विसरले. पण अभ्यासाला फार मोलाचा, कारण तो सीमेवर झालाच नाही, सीमेच्या पश्चिमेला प्लेटच्या आत एका जुन्या मेलेल्या फ्रॅक्चर झोनवर झाला.

इंडियन प्लेट फाटतीय हे खरं हाय का वो?

व्हिडिओत दाखवतात तसं नाही. नागपूरपासून चीर पडत सांगलीपर्यंत येणार वगैरे काही नाही. पण समुद्रात, श्रीलंकेच्या दक्षिणेला, खरोखर एक प्लेट तुटून तीन होतायत. जरा नीट सांगतो.

एकेकाळी भारत आणि ऑस्ट्रेलिया वेगवेगळ्या प्लेटांवर होते आणि त्यांच्यामधे वॉर्टन रिज होता. भारत त्यावेळी उत्तरेकडं वर्षाला १५ सेंटिमीटरच्या वर वेगानं पळत होता, जगात दुसरं कुठलं खंड असं पळालेलं माहीत नाही. साधारण ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला भिडला आणि वेग उतरत गेला, आता ४-५ सेंटिमीटर आहे. या सगळ्या ओढाताणीत सुमारे ४ कोटी वर्षांपूर्वी वॉर्टन रिज बंद पडला आणि भारत-ऑस्ट्रेलिया मिळून एकच प्लेट झाली. पुस्तकात इंडो-ऑस्ट्रेलियन प्लेट म्हणतात ती ही.

पण ही दिलजमाई टिकली नाही. वायव्येला भारत हिमालयाच्या भिंतीला अडलाय आणि ईशान्येला याच प्लेटची दुसरी बाजू सुमात्रा-जावाच्या खंदकात, म्हणजे एक प्लेट दुसरीखाली जाते तिथल्या खोल चरात, सहज खाली चाललीय. एका बाजूला ब्रेक, एका बाजूला ओढ. म्हणून मधला तळ पिळवटतोय. १९८० मधे वायसेल, अँडरसन आणि गेलर यांनी दाखवलं की श्रीलंकेच्या दक्षिणेला तळ चक्क लाटांसारखा दुमडलाय, एका लाटेपासून दुसरी १०० ते ३०० किलोमीटरवर आणि उंची किलोमीटर-दोन किलोमीटर. वर बंगालच्या उपसागरातून आलेला गंगा-ब्रह्मपुत्रेचा गाळ साचलाय त्यामुळं नुसत्या खोलीच्या नकाशावर फार दिसत नाही, ध्वनिलहरी सोडून आतलं बघितलं की दिसतं. लाटांच्या अंगावर दर ५-१० किलोमीटरला एक फॉल्ट, आणि या फॉल्ट बहुतेक त्याच, रिजवर ताणानं पडलेल्या, आता उलट्या सरकणाऱ्या.

१९८७ मधे तिथं जहाजावरून ड्रिलिंग झालं. दुमडताना बसलेल्या गाळाचं वय काढलं तर दुमडणं सुमारे ७५-८० लाख वर्षांपूर्वी जोरात आलं असं निघालं. नंतरच्या अभ्यासांत काही ठिकाणी सुरुवात १.४-१.५ कोटी वर्षांपर्यंत मागं जाते.

मग आता इंडियन, ऑस्ट्रेलियन आणि तिसरी कुठली?

कॅप्रिकॉर्न. १९९७ मधे रोये आणि गॉर्डन यांनी तिची सीमा मोजून दाखवली. भारत आणि कॅप्रिकॉर्न एकमेकांच्या तुलनेत फिरतायत आणि फिरण्याचा केंद्रबिंदू चागोस बेटांच्या आसपास पडतो, त्यामुळं त्याच्या पूर्वेला दाब येतो आणि पश्चिमेला ताण. म्हणजे एकाच सीमेच्या एका टोकाला तळ दुमडतोय आणि दुसऱ्या टोकाला फाकतोय, मला वाटतं हे जगात इतकं स्वच्छ दुसरीकडं बघायला मिळत नाही. १९८३ मधे चागोसमधल्याच दिएगो गार्सिया बेटाजवळ साडेसातच्या वरचा भूकंप झाला तो फाकणाऱ्या बाजूचा.

वेग मात्र वर्षाला काही मिलिमीटर ते जास्तीत जास्त सेंटिमीटरभर. तेव्हा घाबरून प्लॉट विकू नका.

२०१२ चा सुमात्राचा भूकंप एवढा मोठा होता तरी त्सुनामी का नाही आली?

११ एप्रिल २०१२. दुपारी ८.६ आणि दोनेक तासांनी ८.२. चेन्नई, कोलकात्यात लोक रस्त्यावर आले, इशारे निघाले, नंतर मागं घेतले. २००४ च्या आठवणीनं सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता, साहजिकच.

२००४ चा खंदकावरचा होता. तिथं एक प्लेट दुसरीखाली जाते, हजार किलोमीटरच्या वर लांब तळ झटक्यात वर-खाली झाला आणि त्यानं वरचं सगळं पाणी उचललं. २०१२ चे दोन्ही खंदकाच्या बाहेर, समुद्राच्या प्लेटच्या आत झाले, आणि तिथं तळ आडवा सरकला. आडवा सरकला की पाणी फारसं उचललं जात नाही, म्हणून लाटा लहान राहिल्या.

पण शास्त्रज्ञांची झोप उडवली ती याच भूकंपानं. आडव्या सरकण्याचा एवढा मोठा भूकंप यंत्रांवर आधी कधी नोंदलाच गेला नव्हता. आणि तो एका फॉल्टवर नव्हता, एकमेकींना जवळजवळ काटकोनात असलेल्या निदान चार फॉल्ट एकापाठोपाठ तुटल्या, कवच ओलांडून खाली मॅन्टलमधेही. त्या भागात वॉर्टन रिजच्या काळातले उत्तर-दक्षिण फ्रॅक्चर झोन आहेत, रिज मेला पण ते व्रण तसेच होते आणि नव्या दाबाखाली तेच परत सरकायला लागलेत. प्लेट तुटतेय म्हणजे ही अशी तुटते, एका सरळ रेषेत नव्हे, जाळीत. अजून एकच स्वच्छ सीमा बनलेली नाही, ती बनायला असे कितीतरी भूकंप लागतील.

प्लेट खंदकात खाली जाताना वाकते म्हणता. दगड वाकतो कसा, तुटत नाही का?

वाकतोही आणि तुटतोही. खंदकाच्या अलीकडं प्लेट आधी थोडी वर फुगते, काहीशे मीटर, आणि मग खाली वळते. वळताना वरची बाजू ताणली जाते त्यामुळं तिथं भेगा पडतात, पायऱ्या पायऱ्या होतात, खालची बाजू दाबली जाते. त्या भेगांतून समुद्राचं पाणी आत मुरतं, मॅन्टलच्या खडकाशी रासायनिक क्रिया होऊन सर्पेंटाइन नावाचं खनिज तयार होतं, खडक कमजोर होतो, आणि तेच पाणी पुढं खोल गेल्यावर बाहेर पडून ज्वालामुखींना मॅग्मा पुरवायला कारणीभूत ठरतं. एवढी मोठी साखळी एका वाकण्यातून सुरू होते.

कधीकधी ही वरची ताणलेली बाजू एकदम मोडते. जपानच्या सानरिकू किनाऱ्यासमोर १९३३ मधे ८.४ चा भूकंप झाला तो असाच, प्लेटा एकमेकींवर घसरून नव्हे तर खाली जाणारी प्लेट स्वतःच वाकून तुटल्यामुळं. त्सुनामी मोठी आली, सुमारे तीन हजार माणसं गेली. इथंही बघा, रिजवरच्या जुन्या फॉल्ट खंदकाला समांतर असल्या तर त्याच उघडतात, तिरक्या असल्या तर नव्या पडतात.

हिमालय उत्तरेला. त्याचा परिणाम एवढ्या दक्षिणेला समुद्रात कसा काय?

प्लेट कडक असते त्याचा हाच फायदा-तोटा, एका टोकाला धक्का दिला की दुसऱ्या टोकाला कळतो. २०१५ मधे मॅथ्यूज, म्युलर आणि सँडवेल यांनी हिंदी महासागरात एक जुनी छोटी मायक्रोप्लेट शोधली, नाव मॅमेरिक्स. सुमारे ४.७ कोटी वर्षांपूर्वी, भारत आशियाला भिडण्याच्या काळात, अंटार्क्टिकाच्या बाजूच्या रिजजवळ ताण इतका बदलला की तळाचा एक तुकडा सुटला आणि रिजच्या मधे गरगर फिरायला लागला, मग फिरणं थांबून तो इंडियन प्लेटला चिकटला. फिरताना त्याच्यावर पडलेले ओरखडे उपग्रहाच्या नकाशात दिसले. टक्कर नेमकी कधी झाली यावर भांडणं अजून चालू आहेत, पण लडाखमधे ज्या टकरीचे खडक शोधत लोक फिरतात तिची तारीख दक्षिणेकडच्या समुद्राच्या तळावरही सापडावी हे मला कायम भारी वाटत आलंय.

असे वाकडे पट्टे दुसरीकडं कुठं?

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यासमोर गोर्डा म्हणून छोटी प्लेट आहे. दोन मोठ्या प्लेटांच्या मधे सापडलीय बिचारी. तिचे चुंबकीय पट्टे जन्मताना सरळ होते, आता वाकलेत, सगळी प्लेटच आतून मोडतीय. तरुण, गरम आणि पातळ तळ लवकर मोडतो हे त्याचं कारण.

मुंबई-कोकणाला अरबी समुद्राकडून धोका आहे का?

पश्चिमेला अरबी प्लेट आणि आपली प्लेट यांच्यातली सीमा ओवेन फ्रॅक्चर झोनवर आहे. दोघी उत्तरेलाच चालल्यात, अरबी थोडी पुढं, फरक वर्षाला फक्त ३ मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळं तिथं घासणं आहे पण मंद. खरा विचार करायचा तो मकरानचा, पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याचा, तिथं समुद्राचा तळ आशियाखाली जातोय. २८ नोव्हेंबर १९४५ ला तिथं ८.१ चा भूकंप झाला आणि त्सुनामी मुंबईपर्यंत पोचली, इथंही माणसं दगावली. म्हणजे शक्यता शून्य नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती सेवा केंद्रातलं त्सुनामी केंद्र २००७ पासून दोन्ही समुद्रांवर लक्ष ठेवून असतं. साताऱ्या-सांगलीला त्सुनामीचा काही संबंध नाही, मधे सह्याद्री आहे, एवढं तरी विचारू नका.

कोयनेचे धक्के याच्यातूनच येतात का?

सरळ नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ चा भूकंप झाला, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, आमच्याकडं जुनी माणसं अजून ती रात्र सांगतात. तो प्लेटच्या सीमेवर नव्हता, सीमा तिथून कितीतरी लांब. खंडाच्या कवचात जुन्या फॉल्ट आहेत, त्यांच्यावर ताण आधीपासून आहे, आणि १९६२ च्या सुमारास शिवसागर, म्हणजे कोयनेचा जलाशय, भरायला लागल्यावर पाण्याचं वजन आणि भेगांत मुरणारा दाब यानं त्या सरकल्या. १९८५ नंतर वारणेचं धरण भरलं आणि धक्के दक्षिणेकडंही पसरले. धरणानं चालना मिळालेल्या भूकंपांत जगात हाच सगळ्यात मोठा धरतात.

लांबचं नातं मात्र आहे. फॉल्टवरचा मुळातला ताण येतो कुठून, तर एका बाजूनं हिमालय अडवतोय आणि दुसऱ्या बाजूनं रिज ढकलतोय त्यातून. म्हणजे श्रीलंकेच्या दक्षिणेला तळ दुमडणारा दाब आणि पाटणच्या खालचा दाब एकाच घरातले. फरक एवढाच की समुद्रात तो तळ मोडतो आणि इथं पाणी भरल्यावर मोडायला निमित्त मिळतं.

खंदक नवीन तयार होतो का? आपल्या समुद्रात होणार का?

होतो, पण सुरुवात करणं अवघड असतं कारण प्लेट एकदा खाली वाकली की स्वतःच्या वजनानं जाते, पहिल्यांदा वाकवणारं कोणीतरी लागतं. त्यासाठी कमकुवत जागा म्हणून जुने फ्रॅक्चर झोन कामी येतात, कारण तिथं एका बाजूला जुना जड तळ आणि लगेच शेजारी तरुण हलका तळ असतो. पश्चिम पॅसिफिकमधला इझू-बोनिन-मारियाना खंदक सुमारे ५.२ कोटी वर्षांपूर्वी सुरू झाला. आत्ता चालू असलेलं उदाहरण न्यूझीलंडच्या दक्षिणेचा पुयसेगर खंदक, मॅक्वॉरीच्या शेजारीच, तिथं घासणारी सीमा खाली जाणारी होत चाललीय. श्रीलंकेच्या दक्षिणेच्या दुमडलेल्या तळातून पुढं खंदक होईल अशी कल्पना मांडतात, अशक्य नाही, पण आज तिथं खंदक नाही आणि आहे त्या वेगानं आपल्या कुणाच्या नातवंडांनाही दिसणार नाही.

हे खडक हातात घेऊन बघायचे असतील तर?

मॅक्वॉरीला जायचं तर बजेट लागतं. आपल्या देशात लडाखमधे निदारकडं आहेत, अंदमानात आहेत, मणिपूरच्या उख्रुलकडं आहेत, हे समुद्राच्या कवचाचे तुकडे खंदकात न जाता जमिनीवर चढलेले. ओफिओलाइट म्हणतात त्यांना. ओमानमधे तर सगळा डोंगरच तसा, आपल्याकडचे कितीतरी जण तिकडं नोकरीला आहेत, त्यांना सांगा सुट्टीत बघून या. नुसता पिलो लाव्हा बघायचा असेल तर सांगलीहून गाडीनं जाण्याजोगं ठिकाण म्हणजे चित्रदुर्ग जिल्ह्यातलं मरडीहळ्ळी, राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे, मात्र तो लाव्हा अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचा, आजच्या समुद्रांशी त्याचा संबंध नाही. हातोडा नेऊ नका, तिथं तोडायला बंदी आहे आणि फोटोत सगळं छान येतं.

पोरगीला यात शिकायचंय, कुठं पाठवू?

बारावी सायन्सला गणित आणि फिजिक्स सोडू देऊ नका, पुढं जिऑलॉजी किंवा जिओफिजिक्स. समुद्राच्या तळाचं काम गोव्यात होतं, दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचं ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. भूकंपाचं काम करायचं असेल तर हैदराबादची एनजीआरआय म्हणजे राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्था, आणि घराजवळ हवं असेल तर कराडची प्रयोगशाळा आहेच. जहाजावर महिना-दोन महिने राहावं लागतं, ओकाऱ्या होतात, नेट नसतं, हे आधीच सांगून ठेवा.